ताटाचा अर्ज

माझ्या पर्समध्ये अजूनही पोलादपूरच्या एसटी गाड्यांच्या वेळा लिहिलेला कागद असतो. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. त्यातल्या निम्म्या गाड्या बंद पडल्या, उरलेल्यांच्या वेळा बदलल्या. तरी दुपारचे साडेतीन वाजले की माझा पाय आपोआप चपलेकडे जातो. "अगं, बस की जरा," असं नवरा म्हणतो, पण बसवत नाही. आयुष्यभर मी लोकांना 'बसून बोलू या' असं सांगत आले आणि स्वतः मात्र बोलताना घड्याळाकडे बघत राहिले. ह्या अंकाच्या संपादकांनी नोकरीतल्या गमती लिहायला सांगितल्यात. गमती पुष्कळ आहेत. पण लिहायला बसले की एकच गोष्ट पुढे येऊन उभी राहते. ती गंमत म्हणून सुरू झाली आणि अंगाशी आली. माझ्या अंगाशी आली असती तर एव्हाना विसरलेही असते. ती दुसरीच्याच अंगाशी आली.

महाडमध्ये आमच्या संस्थेचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं आणि माझं पद होतं 'संघटक'. माझ्या सासूबाई शेवटपर्यंत समजत होत्या की मी गावोगाव काहीतरी विकायला जाते. मी त्यांचा हा गैरसमज कधी दूर केला नाही, कारण बाहेरून हे काम तसंच दिसतं. गावात जायचं, बायकांजवळ बसायचं, ऐकायचं आणि आपलं मत गिळायचं. पाण्याचा, रेशनचा, शाळेचा कसलाही प्रश्न असो, चारजणी एकत्र आल्या की त्यांना कचेरीपर्यंत न्यायचं आणि कचेरीच्या दारात आपण दोन पावलं मागे राहायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण यात चहासुद्धा विचार करून प्यावा लागतो. तुम्ही कुणाकडे चहा घेतलात हे गावात वर्षभर लक्षात राहतं. एकाच घरी दोनदा घेतला की तुम्ही त्या घरच्या झालात, आणि दुसऱ्या आळीतल्या बायका बैठकीला यायच्या बंद. म्हणून माझ्या वहीत शेवटच्या पानावर प्रत्येक वाडीतली चहाची पाळी लिहिलेली असायची.

आणखी एक नियम होता. गावच्या अर्जावर कार्यकर्त्याने आपलं नाव घालायचं नाही. अर्ज गावाचा, तो गावाचाच दिसला पाहिजे. हा नियम मी शिकले, नव्या पोरींना शिकवला आणि तो पाळते म्हणून मनातून थोडी फुगूनही होते.

नव्वदच्या दशकात आमच्या कामाला एक नवीन शेपूट लागलं. अमेरिकेतलं एक कॉलेज दरवर्षी पाच-सहा विद्यार्थी आमच्याकडे पाठवू लागलं. सगळे अमेरिकन नसत. कुणी कॅनडाचं, कुणी मेक्सिकोचं, एक मुलगी जपानची. तीन महिने त्यांनी गावातल्या घरात राहायचं, पडेल ते काम करायचं, शिकायचं आणि जायचं. त्यांना घरं शोधून देणं माझ्याकडे आलं. ती जपानी मुलगी शेणाने सारवायला शिकली आणि तिच्या बोटांची नक्षी बघायला शेजारच्या वाडीतल्या बायका आल्या. कॅनडाच्या मुलीला नाचणीची भाकरी गिळेना. तिने ती लपवून कोंबड्यांना घातली, तर कोंबड्याच तिच्या मागे गावभर हिंडायला लागल्या. मी ह्या मुलींना चहाची पाळी शिकवायची, पाय पोटाशी घेऊन बसायला शिकवायची, आणि चार-दहाच्या गाडीने महाडला परत यायची. त्या तीन-तीन महिने राहिल्या. मी इतक्या वर्षांत एकाही वाडीत मुक्काम केला नव्हता. हे मला तेव्हा जाणवलंही नाही.

धामणवाडी कुडपणच्या वाटेवर, डोंगराच्या सपाटीवर आहे. वीस-पंचवीस घरं, भात, नाचणी आणि घरटी एक माणूस मुंबईला. तिथे गोदाबाई राहायची. नवरा मुंबईत हमाल. घर एका अंगणात दोन चुलींचं. पलीकडच्या चुलीवर दीर यशवंत आणि जाऊ अनुसया. गोदाबाई अंगाने काटकुळी, बोलायला कमी आणि डोक्याने आम्हा सगळ्यांच्या पुढे. ताटाचा अर्ज ही तिचीच कल्पना.

झालं असं होतं की शाळेला मास्तर मिळावा म्हणून अर्ज लिहिला, पण पहिला अंगठा कुणी उमटवेना. एक म्हणे तू कर, दुसरी म्हणे तू. दुपार निघून चालली, माझं लक्ष घड्याळाकडे. गोदाबाई उठली, घरातून स्टीलचं ताट आणलं, कोऱ्या कागदावर उपडं घातलं आणि पेन्सिलीने गोल ओढला.

"मजकूर मदी लिव, ताय," ती म्हणाली. "आनी अंगठं ह्या कडंला, गोल. कागद फिरवायचा नि करायचा. मंग पयली कोन नि शेवटली कोन, हुडकू देत त्यांना."

ज्या कचेरीत तो अर्ज दिला तिचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या कारकुनाने कागद सरळ धरला, आडवा धरला, उलटा धरला.

"बाई, ह्या गोलाला सुरुवात कुठून?"

"सुरुवात नाहीच, साहेब."

"मग मी नोंदवहीत काय लिहू? 'अमुक व इतर' लिहायचं असतं. अमुक कोण?"

अमुक कोणीच नव्हती. मास्तर मिळाला. त्यानंतर धामणवाडीचा प्रत्येक अर्ज ताटाचाच.

हेलन नावाची मुलगी गोदाबाईकडे राहिली ती ह्याच सुमारास. परत गेल्यावर ती अभ्यास संपवून तिच्या शहरातल्या भाडेकरूंच्या संघटनेत काम करायला लागली. आमच्याकडे राहून गेलेल्या ह्या मुलींनी आपसात पत्रं सुरू ठेवली होती. कुणाच्या गावात काही अडलं की बाकीच्यांनी पाठिंबा द्यायचा, असं त्यांचं ठरलं होतं. मला वाटायचं, हौस आहे, वर्षभरात मावळेल. मावळली नाही. एकदा हेलनचं पत्र आलं की एका इमारतीत घरमालकाने ऐन थंडीत ऊब देणारी यंत्रं बंद ठेवलीत आणि म्हातारी माणसं कोट घालून झोपतात. मी ते धामणवाडीत वाचून दाखवलं. अनुसया म्हणाली, "चूल न्हाय का त्यांच्याकडं?" नाही म्हणून मी सांगितलं. मग गोदाबाईने ताट आणलं. त्या घरमालकाच्या नावे मराठीत अर्ज लिहिला आणि भोवती चाळीसेक अंगठे. महिन्याने हेलनने कळवलं की यंत्रं सुरू झाली. आमच्या अंगठ्यांमुळे की दुसऱ्या कशामुळे ते देव जाणे, पण धामणवाडीत त्या दिवशी गुळाचा चहा झाला आणि कुणाच्या घरी झाला ह्यावरून कुणी रुसलं नाही. माझ्या नोकरीतला तो सगळ्यात चांगला दिवस.

पुढच्याच उन्हाळ्यात धामणवाडीच्या झऱ्याच्या वाटेवर तार पडली. मुंबईच्या एका शेटने सुट्टीची घरं बांधायला उतारावरची जमीन घेतली होती. झरा त्याच्या हद्दीबाहेर, पण झऱ्याकडे जाणारी पायवाट आत. कितीतरी पिढ्या बायका त्या वाटेने पाणी आणत होत्या आणि त्याचा कागद कुणाकडेच नव्हता. आता खालून वळसा घालून जायचं तर एका खेपेला दीड तास. शेटने राखणीला माणूस ठेवला तो यशवंत, गोदाबाईचा दीर. त्याला इतक्या वर्षांत प्रथमच गावात राहून पगार मिळत होता. तो बिचारा तारेजवळ उभा राहायचा आणि वहिनी हंडा घेऊन आली की तोंड फिरवायचा.

ताटाचा अर्ज गेला. उत्तर आलं नाही. मी महाडला इक्बालभाईंच्या टेलिफोन बूथवरून हेलनला फोन लावला. इक्बालभाई काही वर्षं आखातात काम करून परत आलेले. आखातातल्या नवऱ्यांशी बोलायला सगळ्या मोहल्ल्यातल्या बायका त्यांच्याकडे यायच्या, आणि तालुक्यात फॅक्स सुरळीत जायचा तोही तिथूनच. हेलन म्हणाली, आम्ही सगळ्या मिळून कचेरीला फॅक्स पाठवतो. फक्त एक अडचण आहे. नुसतं गाव म्हटलं की इकडे कुणाला काही कळत नाही. एक बाई सांग, जिच्या डोक्यावर हंडा आहे. तिचं नाव लिहिलं की लोक वाचतात.

ती चुकीचं बोलत नव्हती. त्यांच्याकडे तसंच चालतं. आणि तिने मला विचारलं होतं, हे महत्त्वाचं. मी त्याच वेळी नाही म्हणायला हवं होतं. पण बाहेर पोलादपूर गाडी लागली होती, मला ती धरायची होती. मी म्हटलं, "गोदाबाईचंच लिही की. तू तिच्याकडेच तर राहिलीस." आणि पूर्ण नाव, नवऱ्याचं नाव, सगळं सांगून रिसीव्हर ठेवला.

इक्बालभाईंनी ऐकलं होतं. "ताई, नाव दिलंत?"

"हो. का?"

"एकटीचंच?"

"अहो इक्बालभाई, गाडी सुटेल माझी," असं म्हणून मी पळाले.

आठवड्याभरात फॅक्स सुटले. अमेरिका, कॅनडा, मेक्सिको, जपान. कचेरीतल्या यंत्रातला कागद संपला असं ऐकून मला हसू आवरेना. सगळ्यात एकच नाव, गोदाबाई. कारकुनाला अखेर त्याची 'अमुक' सापडली. त्याने नोंदवहीत लिहिलं, 'गोदाबाई व इतर'. त्यात त्याची चूक नव्हती. नियमाप्रमाणे पुढची प्रत्येक नोटीस पहिल्या अर्जदाराच्या घरी गेली. शिपाई अंगणात उभा राहून मोठ्याने नाव पुकारायचा आणि पोचपावतीवर तिचा अंगठा घ्यायचा. शेटलाही कळलं की मुख्य बाई कोण आणि तिचा दीर कुठे काम करतो. यशवंतची राखणीची नोकरी गेली.

हे मला कुणी सांगितलं नाही. पंधरा दिवसांनी मी वर गेले तेव्हा बायका खालच्या वळशाने पाणी घेऊन येत होत्या, नेहमीसारख्या एका ओळीत, बोलत. ओळ संपली. मग बरंच अंतर मोकळं गेलं आणि मग गोदाबाई आली, एकटी. डोंगरात बाई पाण्याला एकटी जात नाही. एकटीला हंडा डोक्यावर चढवायला हात देणारं कुणी नसतं. ती अर्धा हंडा आणत होती, कारण भरलेला तिला एकटीने उचलवत नव्हता.

"काय झालं गो?" मी विचारलं.

"काय न्हाय. पाय दुखतो, मागं ऱ्हायले."

बाकीच्यांकडून तुकड्या-तुकड्याने कळलं. तिचंच नाव का? तिला अमेरिकेतून काय येतं? आमचे अंगठे फुकट आणि हिचं नाव जगभर? अनुसयेने तर अंगणात मधोमध काटक्यांची ओळ टाकून ठेवली होती. "दिराच्या पोटावर पाय दिला तिनं," ती मला म्हणाली, "आनी तुमी हिला शहानी म्हनता." गोदाबाईने एकीलाही उत्तर दिलं नव्हतं. नाव कुणी दिलं ते तिला ठाऊक होतं. हेलनने कुणालाच न विचारता लिहिलं नसतं, म्हणजे उरले मी. पण तिने माझं नाव सांगितलं नाही.

मला काही सुचेना. तीन दिवस मी महाडमध्ये नुसती इकडून तिकडे हिंडले. इक्बालभाईंच्या बूथवर गेले तेव्हा त्यांनी खुर्ची पुढे केली. मी बसले नाही.

"ताई, मी आखातातून परत का आलो, कधी विचारलंत?" ते म्हणाले. "खोलीत पंखे नव्हते म्हणून आम्ही अर्ज केला. तीस जण होतो. पहिलं नाव माझं. पंखे लागले. मला विमानात बसवलं."

"मग त्या दिवशी सांगितलं का नाहीत?"

"तुमची गाडी होती ना."

दुसऱ्या दिवशी धामणवाडीत देवळाच्या मंडपात बैठक बोलावली. मी उभी राहिले आणि सांगितलं की नाव मी दिलं, फोनवर, घाईत, गोदाबाईला न विचारता. तिला त्यातलं आधी काही ठाऊक नव्हतं, आणि तिला कुठून काही मिळालेलं नाही. मला वाटलं होतं, बायका माझ्यावर तुटून पडतील. तुटून पडल्या असत्या तर बरं झालं असतं. अनुसया जमीन कोरत बसली होती. मी पुढे काय बोलावं ते न कळून सवयीने घड्याळाकडे बघितलं.

गोदाबाईने ते पाहिलं.

"जा, ताय," ती शांतपणे म्हणाली. "गाडी हाय तुजी."

टोमणा नव्हता त्यात. खरंच सांगत होती. तेच मला लागलं. इतक्या वर्षांत माझं काहीही बिघडलं की मला गाडी होती आणि तिला नव्हती.

मी गेले नाही. त्या संध्याकाळी पोलादपूरला जाणाऱ्या माणसाकडे घरी निरोप पाठवला आणि गोदाबाईच्या पडवीत घोंगडीवर पडले. सकाळी तिच्याबरोबर पाण्याला निघाले. माझं वय तेव्हा पन्नाशीकडे झुकलेलं, डोक्यावर हंडा जन्मात घेतलेला नाही. पहिल्या खेपेला निम्मं पाणी माझ्या पदरावर आणि उरलेलं वाटेवर. पुढच्या ओळीतून हसू आलं. आम्ही दोघी अंतर राखून मागे. मी तिला हंडा चढवू लागायची, मग ती मला. दुसऱ्या दिवशी मान आखडली. तिसऱ्या दिवशी तळपायाला फोड आले. रात्री डोळ्याला डोळा लागायचा नाही. चार-दहाला खालच्या रस्त्यावर हॉर्न वाजला की माझा पाय चपलेकडे जायचा.

सहाव्या दिवशी चढावर माझा पाय घसरला आणि मी हंड्यासकट बसले. मागे वळून आली ती अनुसया. तिने आपला भरलेला हंडा दगडावर टेकवला, माझा उचलला, आत किती उरलंय ते बघितलं.

"ह्या बाईला पानी आनाया लावलंस तर गाव तहानेनं मरंल गो," ती गोदाबाईला म्हणाली.

दिराची नोकरी गेल्यापासून जावा-जावा पहिल्यांदा बोलल्या त्या तेव्हा. हसल्या नाहीत दोघी. अनुसया मात्र आमच्याबरोबर चालत वर आली. आठव्या दिवशी ओळीत अंतर नव्हतं. अंगणातल्या काटक्या कुणी उचलल्या ते मी पाहिलं नाही; चुलीत गेल्या असाव्यात. यशवंतला गावात पुन्हा काम मिळालं नाही, तो मुंबईला गेला तो गेलाच. त्याला आणि अनुसयेला दोन ठिकाणी करणारी मी. हे माफ झालं असं मी समजत नाही.

महाडला उतरून हेलनला फोन केला आणि सगळं सांगितलं. तिने सगळं लिहून घेतलं. मग म्हणाली, "ताई, मला थोडे दिवस दे."

त्यांनी काय केलं ते इक्बालभाईंच्या पत्त्यावर आलेल्या जाड पाकिटातून कळलं. एकच कागद. मधे हेलनच्या मोडक्या मराठीत मजकूर, झऱ्याच्या वाटेचा, कुणाचंही नाव नसलेला. भोवती ताटाचा गोल, आमच्या ताटापेक्षा मोठा. तो कागद टपालाने एकीकडून दुसरीकडे, ह्या देशातून त्या देशात फिरला होता, कडा मऊ पडल्या होत्या. गोलाच्या अर्ध्या कडेवर त्यांचे अंगठे. सह्या करणाऱ्या मुली त्या, पण अंगठेच. अर्धी कड मोकळी. सोबत चिठ्ठी होती, 'उरलेली जागा तुमची. जुना अर्ज मागे घेऊन हा द्या.'

तो कचेरीत गेल्यावर काय झालं ते आधीच सांगते, नाहीतर माझ्याकडून राहून जाईल. कारकुनाने कपाळाला हात लावला आणि शेवटी नोंदवहीत 'धामणवाडीच्या पाणी भरणाऱ्या सर्व' असं लिहिलं. नोटिसा देवळाच्या खांबावर लागू लागल्या. एक साहेब येऊन बघून गेले, तारेत दोन हात रुंद फट ठेवायला लावली. तोंडी. लेखी हुकूम आजपर्यंत नाही. शेट विकून गेला, दुसरा आला, फट आहे. कधी बुजेल सांगता येत नाही, आणि म्हणूनच की काय, साडेतीनला मला बसवत नाही.

पण तो कागद मी वर नेला तो दिवस. गोदाबाईच्या अंगणात सगळ्या जमल्या. ती एकेका अंगठ्यावर बोट ठेवून विचारत होती, मी कुणाचा ते सांगत होते. जपानची म्हटल्यावर "सारवायची ती," असं तिघी एकदम म्हणाल्या. मग शाईचा डबा फिरला. अनुसयेने केला, सगळ्यांनी केले, गोदाबाईने केला. एका अंगठ्याची जागा राहिली. मी कागद घडी घालायला हात पुढे केला.

"थांब," गोदाबाई म्हणाली. "तुजा?"

"माझा नसतो गो. आमचा नियम आहे."

"माजं नाव तू जगात धाडलंस. तुजं कंच्या कागदावर हाय?"

कुठल्याच कागदावर नव्हतं. मी पर्समधून पेन काढलं.

"पेन नको," ती म्हणाली.

मी अंगठा शाईत बुडवला आणि त्या जागेवर दाबला. गोदाबाईने फुंकर घातली. मग कागद जमिनीवर ठेवून तिने तो जात्यासारखा गरागरा फिरवला आणि हात काढून घेतला. कागद थांबला.

"आता सांग, ताय. पयली कोन?"

मी वाकून बघितलं. तिचा अंगठा कुठला, माझा कुठला, मेक्सिकोचा कुठला, मला खरंच ओळखता येईना.

"नाय सांगता येत," मी म्हटलं.

"मंग झालं," ती म्हणाली आणि हंडा घेऊन उठली. खाली चार-दहाच्या गाडीचा हॉर्न वाजला. अनुसयेने दुसरा हंडा माझ्या हातात दिला, आणि मी त्यांच्या मागून खालच्या वळशाने पाण्याला निघाले.